उपकार मोजायची सवय

कॅम्प चारमध्ये कुणालाही 'कसं काय?' विचारा, उत्तर ठरलेलं असतं. 'चाललंय बाई, काय सांगायचं!' आणि मग सुरू होतं सांगणं. पाणी कमी दाबाने आलं, विठ्ठलवाडीला गाडीत शिरताच आलं नाही, मुलाच्या क्लासची फी भरायची राहिलीय, सासूबाईंचे गुडघे, सिलिंडरचा भाव. यातलं काहीच खोटं नसतं. बाईच्या डोक्यात कमी पडलेल्या गोष्टींची यादी चोवीस तास चालू असते, कारण ती यादी तिनेच सांभाळायची असते. डाळ संपली हे घरात कुणाच्या लक्षात येतं? तिच्याच.

पण संपलेल्या गोष्टींची यादी ठेवणाऱ्या बाईने मिळालेल्या गोष्टींची यादी कधी ठेवायची?

आमच्या मराठी ख्रिस्ती घरांमध्ये यासाठी एक सुंदर शब्द आहे, 'उपकारस्तुती'. केलेले उपकार आठवायचे आणि ते करणाऱ्याची स्तुती करायची. एका शब्दात दोन कामं. 'थँक्यू' म्हटलं की विषय संपतो. उपकारस्तुती तशी संपत नाही, कारण तिच्यात आधी आठवावं लागतं. आठवायला वेळ लागतो, आणि तोच तर आपल्याकडे नसतो.

म्हणून ही रोजची सवय कशी लागते, ती कुठून आली, आणि दिवस वाईट असतील तेव्हा तिचं काय करायचं, हे आज बघूया. मी ख्रिस्ती घरातली, म्हणून त्या घरातलं सांगते. पण मैत्रिणींनो, तुमच्या देवघरातही यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

दहा जणांपैकी एक

पवित्र शास्त्रात लूकच्या शुभवर्तमानात एक गोष्ट आहे. ख्रिस्ती घरातल्या प्रत्येक मुलाने ती संडे स्कूलमध्ये ऐकलेली असते. दहा कुष्ठरोगी येशूला भेटतात. त्या काळी कुष्ठरोग्याला गावाबाहेर राहावं लागे, माणसांच्या जवळ येता येत नसे. ते लांबूनच हाका मारतात. येशू त्यांना याजकाकडे जायला सांगतो, आणि वाटेत जाता जाताच ते दहाही जण बरे होतात. त्यातला एकच मागे फिरतो, येशूच्या पाया पडतो आणि उपकार मानतो. तो असतो शोमरोनी, म्हणजे ज्यांना लोक परके आणि कमी लेखत, त्यांच्यातला. बाकीचे नऊ कुठे गेले, असं मग येशू विचारतो.

ते नऊ वाईट होते असं गोष्टीत कुठेच नाही. मला तर वाटतं, ते घरी धावले असतील. किती वर्षांनी बायको-मुलांना जवळ घेता येणार होतं! कामं अडली असतील, शेत पडून असेल. आपणही तसंच करतो ना? मुलाचा ताप उतरेपर्यंत रात्रभर देवाला हाका मारतो आणि सकाळी ताप उतरला की पहिला विचार डब्याचा. मागताना आपण दहाही जणी असतो, आभार मानताना एखादीच उरते. यात दुष्टपणा नाही, विसर आहे. म्हणूनच स्तोत्रसंहितेत भक्त स्वतःच्याच जिवाला बजावतो की, देवाने केलेलं काही विसरू नकोस. देवाला आठवण करून द्यायची गरज नाही, आठवण हवी ती आपल्याला.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पाच भाकरी आणि दोन मासे घेऊन हजारो माणसांना जेवू घालण्याची कथा बहुतेकींनी ऐकलेली असेल. त्या कथेत येशू आभार कधी मानतो? सगळे जेवून तृप्त झाल्यावर नाही. हातात पाचच भाकरी आहेत आणि समोर एवढी गर्दी, त्या वेळी. पुरणार नाही हे दिसत असताना तो आधी आभार मानतो, मग भाकरी मोडतो. महिन्याच्या वीस तारखेला डबे चाचपून बघणाऱ्या बाईला या गोष्टीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

मरणाच्या आदल्या रात्रीही येशूने शिष्यांबरोबर जेवताना भाकर हातात घेऊन आभारच मानले. त्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. कॅथलिक मंडळी त्याला युखारिस्त म्हणतात. तो मूळ ग्रीक शब्द, आणि त्याचा अर्थच 'आभार मानणं'. म्हणजे ख्रिस्ती उपासनेच्या अगदी मध्यावर जे आहे त्याचं नावच आभार असं आहे. ते शिकवलं गेलं जेवणाच्या पंगतीत, आणि तेही घरावर संकट आलेलं असताना.

बराकींचं गाव

आपलं उल्हासनगर तरी कसं वसलं? दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी इथे लष्कराची छावणी होती, कल्याण कॅम्प. १९४७ ला फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेल्या माणसांना या बराकींमध्ये आसरा मिळाला. येणाऱ्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. एकेका बराकीत मध्ये पडदे, पोती, पत्रे लावून कितीतरी संसार थाटले गेले. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. 'कॅम्प' हा शब्द मात्र पत्त्यात राहिला तो राहिलाच.

ज्यांचं सगळं गेलं होतं त्यांनी आपल्या गावाच्या नावात 'उल्हास' ठेवला! नदीच्या नावावरून का होईना, पण ठेवला. त्या बायकांनी पापड लाटले, लोणची घातली, शिवणयंत्रं चालवली. पुढे अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी, शहाडची सेंच्युरी रेयॉन, रेल्वे आणि छोटे कारखाने यांच्यामुळे महाराष्ट्रातून आणि देशभरातून माणसं येत गेली. त्यांत मराठी ख्रिस्ती आले, तमिळ आणि मल्याळी ख्रिस्तीही आले. आता रविवारी सकाळी कॅम्पातून फिरलात तर दोन-तीन भाषांतली ख्रिस्ती गाणी कानावर येतात. आठवड्यात संध्याकाळी कुणाच्या तरी खोलीत घरगुती प्रार्थनासभा असते. चपला दाराबाहेर, आत दहा-बारा बायका, सतरंजी, आणि शेवटी चहा. तिथे प्रत्येकीने साक्ष सांगायची असते, म्हणजे या आठवड्यात देवाने माझ्यासाठी काय केलं ते.

ऐकायला या साक्षी फार साध्या असतात. मुलीला मार्क बरे पडले. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे. भाड्याच्या खोलीचं अॅग्रीमेंट वाढवून मिळालं. २६ जुलै २००५ च्या पुराबद्दल मात्र अजूनही कुणीतरी सांगतं. त्या दिवशी उल्हास आणि वालधुनी दोन्ही नद्या फुगल्या, बदलापूर-उल्हासनगर-कल्याणच्या कितीतरी घरांत पाणी शिरलं. सामान गेलं, पण शेजाऱ्यांनी वरच्या मजल्यावर घेतलं, मुलं हाती लागली. ज्यांची माणसं त्या पुरात गेली, त्यांच्यासमोर मात्र हीच साक्ष जपून सांगावी लागते. 'देवाने आम्हाला वाचवलं' म्हणताना ज्यांना वाचवलं नाही त्यांचं काय, हा प्रश्न त्याच खोलीत बसलेला असतो. तो प्रश्न टाळून उपकारस्तुती करता येत नाही. त्याकडे मी येणारच आहे, पण त्याआधी आपल्याच मराठीतल्या दोन बायकांना भेटूया.

लक्ष्मीबाईंचं घर

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी अनेकींनी शाळेत तुकड्या-तुकड्यांत तरी वाचलं असेल. १८६८ चा जन्म, बालपणीच लग्न, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. नवरा कवी नारायण वामन टिळक. बुद्धिमान, तापट, कधी घर सोडून निघून जाईल याचा नेम नाही. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर आभाळ कोसळलं. पदरात लहानगा दत्तू. नवरा असून नसल्यासारखा, आणि समाजाचे डोळे रोखलेले. जवळजवळ पाच वर्षं ती दोघं वेगळी राहिली. नंतर त्या नगरला टिळकांकडे आल्या, पण आपला सोवळ्याचा स्वयंपाक वेगळा ठेवून. हळूहळू, स्वतः विचार करून, त्यांच्या मनातली एकेक भिंत पडली आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

सुख आलं का मग? पैसा टिळकांच्या हातात टिकत नसे. कुणी गरजू दिसला की देऊन मोकळे. घरात सतत पाहुणे, अनाथ मुलं. चूल पेटवायची ती लक्ष्मीबाईंनी. १९१९ मध्ये टिळक गेले. पुढे मुलाच्या कुटुंबाबरोबर त्या काही काळ कराचीतही राहिल्या, ज्या सिंधमधून नंतर आपले उल्हासनगरकर आले त्याच सिंधमध्ये.

ही सगळी ओढाताण त्यांनी लिहिली कशी, ते बघा. कुठेही रडगाणं नाही, आणि 'मी किती सोसलं' असा आवही नाही. नवऱ्यावर त्या चिडतात, भांडतात, त्याची फजिती सांगतात, आणि त्याच पानावर त्याच्यावरचं प्रेमही दिसतं. जे मिळालं ते मिळालं म्हणून सांगतात आणि जे दुखलं तेही लपवत नाहीत. टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अकरा अध्यायांवर अपुरं राहिलं होतं. एकेकाळी धड अक्षरओळख नसलेल्या या बाईने त्याचे पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले! १९३६ मध्ये त्या गेल्या. टिळकांची गाणी तर मराठी चर्चच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात शंभराहून अधिक आहेत. आज कॅम्पातल्या खोलीत पेटी वाजते तेव्हा त्यातलंच एखादं गाणं गायलं जातं.

उपकार मानणं म्हणजे गोड-गोड बोलणं नव्हे, हे मला लक्ष्मीबाईंनी शिकवलं. उपकार मानणारी बाई विनोद करू शकते, रागावू शकते, हिशेब विचारू शकते. खरं बोलणं तिला मना नाही.

रमाबाईंचा ठेवा

दुसऱ्या पंडिता रमाबाई. १८५८ चा जन्म. दुष्काळात १८७४ मध्ये आई-वडील गेले, पाठोपाठ बहीण. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा. हाताशी तान्ही मनोरमा. इंग्लंडमध्ये असताना १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परत येऊन १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली आणि बायका उचलून आणल्या. त्यांच्यासाठी पुण्याजवळ केडगावला जे घर उभं राहिलं त्याचं नाव 'मुक्ती'. तिथे शेती होती, विहिरी होत्या, माग होते, छापखाना होता. १९०० च्या दुष्काळानंतर तिथल्या बायका-मुलांची संख्या दोन हजारांच्या आसपास पोचली. एवढ्या तोंडांना रोज दोन वेळा घालायचं!

याच रमाबाईंनी १९०७ मध्ये आपल्या जीवनाची साक्ष इंग्रजीत लिहिली. तिच्या नावाचा अर्थ काय होता, माहीत आहे? कधीही न संपणारा ठेवा. जिने एकामागून एक आपली सगळी माणसं पोचवली, ती म्हणते, माझ्याकडे न संपणारा ठेवा आहे. १९२१ मध्ये मुलगी मनोरमाही गेली. तरीही बायबलच्या मराठी भाषांतराचं काम रमाबाईंनी शेवटपर्यंत सोडलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या. केडगावचं मुक्ती मिशन आजही सुरू आहे.

रमाबाईंची उपकारस्तुती नुसती तोंडाची नव्हती. दुष्काळात आपण वाचलो, या उपकाराची परतफेड त्यांनी दुसऱ्यांच्या मुलींना वाचवून केली. मला वाटतं, खरी उपकारस्तुती अशी हातांत उतरते.

'गप्प बस' म्हणजे उपकारस्तुती नाही

आता त्या अवघड प्रश्नाकडे येऊ.

बायकांना 'समाधान मान' हे फार लवकर सांगितलं जातं. नवरा मारतो? अगं, निदान कमावतो तरी, देवाचे आभार मान. सासरी राबवून घेतात? डोक्यावर छप्पर आहे ना! अशा वेळी देवाचं नाव पुढे करून बाईचं तोंड बंद केलं जातं. चर्चमध्येही हे होतं, देवळातही होतं, आणि बहुतेकदा दुसरी बाईच ते करते.

पवित्र शास्त्र असं सांगत नाही. पौलाने थेस्सलनीका इथल्या मंडळीला लिहिलं ते सर्व परिस्थितीत उपकार मानण्याबद्दल. 'परिस्थितीत' आणि 'परिस्थितीबद्दल' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. कॅन्सर झाला याबद्दल कुणी देवाचे आभार मानू नयेत. कॅन्सरच्या दिवसांतही हात धरणारं माणूस मिळालं, याबद्दल मानता येतात. मार खाल्ल्याबद्दल आभार नाहीत. पण दार उघडून आत घेणाऱ्या शेजारणीबद्दल जरूर आहेत. ज्या बाईच्या घरात मारहाण होते तिने प्रार्थना करावीच, आणि १८१ या महिला हेल्पलाइनला फोनही करावा. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा तिच्यासाठीच आहे. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात. मदत मागणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं नव्हे.

आणि रडण्याचं काय? स्तोत्रसंहिता उघडून बघा. त्यात स्तुतीची गाणी आहेत तशीच आक्रोशाचीही भरपूर आहेत. देवा, तू कुठे आहेस, किती दिवस असा लपून राहणार, अशी सरळ तक्रार तिथे आहे. इयोबाने तर देवाला जाब विचारला. देवाने त्याला त्याबद्दल टाकून दिलं नाही. ज्याच्याजवळ मनापासून रडता येतं त्याचेच मनापासून आभार मानता येतात. घरातही तसंच नसतं का? ज्या आईजवळ रुसता येतं तिच्याच कुशीत शिरता येतं.

जर्मनीत आयलेनबुर्ग नावाचं एक गाव आहे. तिथे मार्टिन रिंकार्ट नावाचे धर्मगुरू होते. तीस वर्षांच्या युद्धाचा काळ. १६३७ मध्ये गावात प्लेग आला. कधी कधी एका दिवसात चाळीस-पन्नास अंत्यविधी त्यांना करावे लागले. त्या वर्षी त्यांची पत्नीही गेली. त्याच काळातलं रिंकार्ट यांचं आभाराचं एक गाणं आजही जगभरच्या चर्चमध्ये गायलं जातं. मूळ ते जेवणाआधी घरात म्हणण्यासाठी होतं, असं सांगतात. पुरात ज्यांची माणसं गेली त्यांना मी उत्तर देऊ शकत नाही. पण ज्यांनी आभार मानले त्यांना दुःख माहीत नव्हतं, असं मात्र कुणी म्हणू नये.

एक जुनी वही

आमच्या भागात एक मावशी आहेत. जीन्सच्या पँटचे धागे कापायचं काम घरी आणतात, नगावर पैसे. त्यांचे यजमान डायलिसिसवर होते. आठवड्यातून तीनदा हॉस्पिटल, रिक्षाचं भाडं, पथ्याचं खाणं, आणि उरलेल्या वेळात पँटींचा ढीग. नातीची अर्धवट वापरलेली शाळेची वही त्यांनी घेतली होती. रोज रात्री तीत एक ओळ लिहायच्या. एकच. 'आज रिक्षावाल्याने सुट्टे सोडले.' 'नर्सने सुई एकदाच टोचली.' 'यांनी अर्धी भाकरी खाल्ली.' 'लाइट गेली नाही, काम उरकलं.'

यजमान गेले, त्यानंतर वही कोरी राहिली. पंधरा दिवस, तीन आठवडे. प्रार्थनासभेला त्या यायच्या, पण साक्ष सांगायच्या नाहीत. कुणी आग्रहही केला नाही, हे फार बरं झालं. मग एके दिवशी त्यांनी पुन्हा एक ओळ लिहिली. 'शेजारणीने डबा पाठवला.'

मी विचारलं, 'मावशी, इतक्या दिवसांनी लिहावंसं का वाटलं?'

म्हणाल्या, 'अगं, डबा तर ती रोजच पाठवत होती. मला त्या दिवशी दिसला.'

यावर मी काय बोलणार?

रोज करायचं ते काय?

मैत्रिणींनो, ही सवय लावायला पैसा लागत नाही, वेळही फार लागत नाही. आमच्या घरांमध्ये जे होतं ते सांगते. तुम्हाला जमेल ते घ्या.

सकाळी : डोळे उघडल्यावर मोबाइल हातात घेण्याआधी एकच गोष्ट आठवा. कालची, अगदी ठरावीक. 'देवा, सगळ्याबद्दल आभार' असं मोघम नको. 'काल मुलीने न सांगता भांडी घासली त्याबद्दल' असं. मोघम आभार लवकर तोंडपाठ होतात आणि मनात काही हलत नाही.

जेवताना : ख्रिस्ती घरात ताटावर बसल्यावर कुणीतरी एक जण प्रार्थना करतं. हिंदू घरांत श्लोक म्हणतात, 'अन्नदाता सुखी भव' म्हणतात. हे काम आळीपाळीने द्या, लहान मुलालाही द्या. आणि प्रार्थनेत स्वयंपाक करणारीचं नाव घ्यायची पद्धत पाडा. पीठ मळणारा हात विसरून पिठाबद्दल देवाचे आभार मानले तर काय उपयोग? पुरुष मंडळींनी प्रार्थना केली तर त्यांनी तिचं नाव मुद्दाम घ्यावं.

रात्री : सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाचं परीक्षण करण्याची एक पद्धत घालून दिली. अनेक कॅथलिक आजही ती पाळतात. तिची सुरुवात आभाराने होते, चुका आठवणं नंतर. आपण उलटं करतो. पाठ टेकली की दिवसभरातलं काय चुकलं तेच आधी डोळ्यांपुढे येतं. क्रम बदलून बघा, झोप बरी लागते.

वही : एक ओळ पुरे. ज्या दिवशी सुचणार नाही त्या दिवशी पान कोरं सोडा, खोटं लिहू नका. अमेरिकेतल्या रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काही जणांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, आभार मानण्याजोग्या गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या आणि काहींना कटकटी. आभार लिहिणाऱ्यांना आपलं आयुष्य अधिक बरं वाटू लागलं, येणाऱ्या आठवड्याकडे ते जास्त आशेने बघू लागले. म्हणजे रोज जमलं नाही तर आठवड्याला लिहा, तेही वाया जात नाही. मन फार खचलेलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वहीवर थांबू नका, डॉक्टरांना भेटा.

मूठ : मिझोराममधल्या ख्रिस्ती बायकांची एक पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. भात शिजवताना प्रत्येक वेळी एक मूठ तांदूळ बाजूला काढायचे आणि ते चर्चला द्यायचे. त्या मुठींमधून तिथल्या मंडळीचं केवढं काम उभं राहिलं! आपल्याकडेही मूठ बाजूला काढणं नवं नाही. एक डबा त्यासाठी ठेवा. महिनाअखेर ते धान्य ज्या घरात चूल अडली असेल तिथे जाऊ द्या. देताना गाजावाजा नको.

वर्षाला : गावाकडच्या चर्चमध्ये पीक घरात आलं की हंगामाचा सण होतो. जोंधळा, भोपळे, अंडी, कोंबड्या, जे घरात पिकलं ते वेदीपुढे आणतात. मग त्याचा लिलाव होतो. दहा रुपयांचा भोपळा हसत-खेळत शंभराला जातो आणि ते पैसे चर्चच्या कामाला लागतात. शहरात शेत कुठलं? मग वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, मुलाचा पास झाल्याचा निकाल, नवी नोकरी, अशा निमित्ताने उपकारस्तुतीचं पाकीट देतात. पाकिटातली रक्कम कुणी मोजत नाही. तुम्ही मुलाच्या वाढदिवसाला केकसोबत एका गरजू मुलाची वह्या-पुस्तकं घेतलीत, तरी ते हेच झालं.

घरच्यांचे कसले आभार?

आपल्या मराठी घरांत एक गंमत आहे. परक्याला आपण 'आभारी आहे' म्हणतो, घरच्यांना म्हटलं तर तेच विचारतात, 'काय गं, बरी आहेस ना?' घरातल्या माणसाचे आभार मानणं म्हणजे त्याला परकं करणं, असं आपल्याला वाटतं. त्यात तथ्य आहे. पण त्यामुळे होतं काय की सगळ्यात जास्त करणाऱ्याला सगळ्यात कमी शब्द मिळतात. तो करणारा बहुतेक घरांत एक बाई असते.

शब्द नको असेल तर नको. रात्री उशिरा कामावरून आलेल्या नवऱ्याला गरम करून वाढलेलं ताट हा आभारच असतो. आणि त्याने जेवून झाल्यावर ते ताट स्वतः घासून ठेवलं, तर तोही आभारच. सासूबाईंना म्हणून बघा, 'आई, तुमच्यामुळे मी नोकरी करू शकले.' मोलकरणीला, पाणी भरायला मदत करणाऱ्या शेजारच्या पोराला, मुलीला हात धरून रस्ता ओलांडून देणाऱ्या वॉचमनकाकांना. देवाचे उपकार आपल्यापर्यंत बहुतेक वेळा माणसांच्या हातूनच पोचतात, आणि त्या हातांकडे आपलं लक्षच जात नाही.

प्रश्न मात्र उरतोच. आभार मानल्याने पाण्याचा दाब वाढेल का? फी भरली जाईल का? नाही. त्यासाठी नगरसेवकाकडे जावं लागेल, भिशी लावावी लागेल, जास्तीचं काम घ्यावं लागेल. कमी पडलेल्या गोष्टींची यादी खरी आहे आणि ती ठेवायलाच हवी, नाहीतर घर चालणार नाही. पण त्या यादीशेजारी दुसरी यादी असली की पहिलीचं ओझं एकटीने उचलल्यासारखं वाटत नाही. ती दुसरी यादी वाचताना कळतं, की इथवर आपण एकट्या आलेलोच नाही.

आज रात्री एक ओळ लिहून बघा. पेन नसेल तर मनात.